12 औषधी रोपांचा संच, घरपोच: वीस महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

जून 2024 मधे आम्ही उरुळी कांचनच्या बाजूच्या एका नर्सरीकडून "घरगुती औषधी बाग" नावाचा 12 रोपांचा संच मागवला होता. 2,600 रुपये, त्यात रोपं, ग्रो बॅगा, भरायची माती, एक छोटी पुस्तिका आणि पुण्यात धायरीपर्यंत पोहोचवणं सगळं आलं. तेव्हापासून सोसायटीतल्या चारपाच जणींनी विचारलं की कसा आहे, घेऊ का, आणि मी प्रत्येकीला थांब म्हणत होते कारण औषधी झाडाचं खरं काय ते तोडणीला कळतं. रोपं आल्या दिवशी हिरवीगार दिसतातच. आता दोन पावसाळे झाले, हळद दोनदा काढली, शतावरी उकरली, गुळवेल कापला, त्यामुळे आता लिहिते.

आमची जागा आधी सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्या घराशी ताडून बघता येईल. तिसरा मजला, पूर्वेकडे तोंड असलेली 14 बाय 5 ची गॅलरी, सकाळी साडेसात ते साधारण अकरा ऊन, नंतर नुसता उजेड. शिवाय टेरेसचा एक कोपरा सोसायटीने दिलाय, तिथे दिवसभर ऊन. घरात सासूबाई आहेत, त्या मूळच्या गुहागरकडच्या, झाडपाल्याची त्यांची जाण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि या लेखातलं बरंचसं मला त्यांनीच शिकवलंय.

संचात होतं ते असं: तुळस, अडुळसा, गुळवेल, कोरफड, गवती चहा, पानओवा, पुदिना, ब्राह्मी, वेखंड, शतावरी, हळदीचं बेणं आणि पारिजातक. टेम्पो सांगितलेल्या दिवशीच आला. सोबत नर्सरीतले एक वयस्कर माळीकाका होते, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या खरेदीत मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी आमच्याकडे घालवलेला तो पाऊण तास. अडुळशाचा शेंडा कुठे मोडायचा, तुळशीची मंजिरी का खुडायची, पाणी द्यायच्या आधी बोट मातीत पेरभर घालून कसं बघायचं, हे त्यांनी हात धरून दाखवलं. रोपं दणकट होती. पिशवीतून काढताना मी मुळं बघितली, पांढरी, मातीला धरून असलेली, गोल गोल फिरून गुंता झालेली नव्हती. पानओव्याची एक फांदी वाटेत मोडली होती तेवढंच, ती सासूबाईंनी पाण्यात ठेवली आणि आठवड्यात मुळं फुटली.

माती मात्र चांगली नव्हती. जवळजवळ निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होतं. गच्चीवर वजन कमी पडतं म्हणून असेल, उन्हाळ्यात चालूनही गेलं असतं, पण ऐन पावसाळ्यात ते इतकं पाणी धरून ठेवायचं की पंधरा दिवसांत तुळस पिवळी पडायला लागली आणि कोरफडीचा बुंधा मऊ झाला. मग मी सगळं परत भरलं, दोन भाग साधी माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड. तुळस सावरली, कोरफड आठ दिवस माती न लावता सावलीत तशीच ठेवून मग वाळूत लावली, ती पण वाचली. तुम्ही हा संच घेतलात तर माती पहिल्या दिवशीच बदला, माझ्यासारखी वाट बघू नका.

आता सगळ्यात मोठ्या तक्रारीवर येते. प्रत्येक रोपाला प्लास्टिकची पट्टी होती आणि तिच्यावर फक्त मराठी नाव. शोभेच्या झाडाला ते चालतं, मोगऱ्याच्या जागी दुसराच मोगरा आला तर फार तर वास वेगळा येईल. पण जे आपण काढा करून पिणार आहोत, लेकराला देणार आहोत, तिथे नुसतं बोलीतलं नाव पुरत नाही. ब्राह्मीचंच घ्या. पट्टीवर ब्राह्मी, पुस्तिकेत ब्राह्मी, आणि बॅगेत गोल, वाटीसारखी, कडेला बारीक दाते असलेली, लांब देठावर एकेक उभी राहिलेली पानं. ही मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. जिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतात ती बकोपा मोनिएरी, तिची पानं छोटी, जाडसर, मांसल, समोरासमोर, आणि फूल पांढरट जांभळट इवलंसं. दोन्ही औषधीच आहेत आणि आपल्याकडे बऱ्याच भागात मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणतात हे मला मान्य आहे, त्यामुळे फसवलं असं मी म्हणणार नाही. पण मी वैद्यांनी लिहून दिलेल्या नीरब्राह्मीसाठी हा संच निवडला होता, आणि पट्टीवर शास्त्रीय नाव असतं तर हा घोळच झाला नसता. फोन केला तर आधी उत्तर मिळालं "ताई आमच्याकडे यालाच ब्राह्मी म्हणतात". मग मी दोन्हींचे फोटो पाठवले, फरक लिहून पाठवला, तेव्हा मालकांनी स्वतः फोन केला, ऐकून घेतलं आणि दहा दिवसांनी नीरब्राह्मीच्या दोन ट्रे फुकट पाठवल्या. हे त्यांचं चांगलं.

गुळवेलाच्या बाबतीत तर नाव नीट असणं अजूनच गरजेचं आहे. कोविडच्या काळात घराघरात गुळवेलाचा काढा सुरू होता ते आठवत असेल. 2021 मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं शोधनिबंधात मांडलं, त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तसाच दिसणारा टिनोस्पोरा क्रिस्पा घेतला गेला असू शकतो, आणि 2022 च्या फेब्रुवारीत त्यांनी दोघांतला फरक सांगणारं पत्रकही काढलं. लिव्हरच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की खरा गुळवेल पण काही जणांना बाधू शकतो. हा वाद मी सोडवू शकत नाही, पण घरी वेल लावणाऱ्याने ओळख पटवायलाच हवी एवढं तर नक्की. आपला गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, खोड हिरवट, त्याच्यावर गाठी गाठी नसतात, कापलं की दुधासारखा चीक येत नाही, फुलाला 6 पाकळ्या, फळ गोल आणि पिकलं की लाल. क्रिस्पाचं खोड करडं, अंगभर फोडांसारख्या गाठी, चीक येतो, पाकळ्या 3. आमच्याकडे आलेला वेल बरोबर होता, मी आमच्या ओळखीच्या वैद्य ताईंना दाखवून खात्री केली. हे सगळं पुस्तिकेत एका परिच्छेदात बसलं असतं. तिथे फक्त "रोज सकाळी एक कप काढा घ्यावा, प्रतिकारशक्ती वाढते" असं छापलंय, किती दिवस घ्यायचा, कोणी घेऊ नये, एक अक्षर नाही. डायबिटीसच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, लिव्हरचा काही त्रास असणाऱ्यांनी, लुपस किंवा सोरायसिस असा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तसला आजार असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये असं वैद्य ताईंनी मला बजावून सांगितलं.

वेल म्हणून गुळवेल फार जिद्दीचा. छाटलेला एक तुकडा मी ग्रिलला अडकवून विसरून गेले होते, त्याला मातीशिवाय नुसत्या हवेत पालवी फुटली आणि खाली दोऱ्यासारखी मुळं सोडली त्याने. याला अमृता का म्हणत असतील ते तेव्हा कळलं. सासूबाईंचं मत कडुनिंबावर चढलेलाच घ्यावा, आमच्याकडे तो ग्रिलवरच चढलाय, त्याला इलाज नाही. कापायचा कधी तर पानं गळाल्यावर, आम्ही या फेब्रुवारीत कापला, बोटाएवढं जाड खोड झालं होतं. वरची कागदासारखी साल नखाने सोलून निघते आणि आडवं कापलं की आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात, बघण्यासारखं असतं. सासूबाईंनी सत्त्व काढलं, तुकडे ठेचून रात्रभर पाण्यात, सकाळी कुस्करून गाळून ते पाणी हलवायचं नाही, तळाला पांढरं बसतं ते वाळवायचं. पाऊण किलो वेलातून जेमतेम दोन चमचे निघालं. बाजारात गुळवेल सत्त्व एवढं महाग का असतं ते त्यादिवशी समजलं, आणि स्वस्तात मिळत असेल तर त्यात काय असेल याचा विचारही मनात आला.

अडुळसा हे या संचातलं माझं सगळ्यात आवडतं झाड. कसलीही काळजी लागत नाही, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून गावाकडे कुंपणाला लावतात, कीड जवळपास नाहीच. फांदी खोचली की लागते, एका रोपाची आता आमच्याकडे सहा झालीयेत, त्यातली दोन टेरेसवर. याच्या पानातलं व्हॅसिसिन नावाचं द्रव्य अभ्यासूनच ब्रोमहेक्सिन हे औषध बनवलं गेलं, खोकल्याच्या कितीतरी सिरपच्या बाटलीवर हे नाव तुम्ही वाचलं असेल. पण घरी करायला गेलात तर पहिली अडचण अशी की कच्च्या पानातून रस निघतच नाही, मी मिक्सरला लावून बघितलं, नुसता लगदा. सासूबाई म्हणाल्या, "अगं असा नाही हो निघायचा, आधी वाफव." पिकायला आलेली पानं (कोवळी नाही, पिवळी व्हायला लागलेली) इडलीच्या भांड्यात दहाबारा मिनिटं वाफवायची, मग फडक्यात घालून पिळायची, दोनतीन चमचे गडद रस निघतो, त्यात मध. पुस्तिकेत वाफवण्याचा उल्लेख नाही. आणि त्याहून गंभीर म्हणजे गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये हे पण लिहिलेलं नाही. मागच्या ऑगस्टमधे माझी जाऊ आमच्याकडे राहायला आलेली, पाचवा महिना, रात्रभर खोकत होती. मी गॅस पेटवून पानं वाफवायला ठेवली सुद्धा, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. "तिला नको देऊस हो अडुळसा, पोटाशी आहे ती, गर्भाशयावर जातो तो." मी दुसऱ्या दिवशी वैद्य ताईंना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. घरात सासूबाई नसत्या तर मी तो रस तिला दिला असता. ज्या पुस्तिकेवर "संपूर्ण कुटुंबासाठी सुरक्षित" असं छापलंय ती वाचून देणारी मी एकटीच नसणार. हे मी नर्सरीला फोनवर आणि लिहून, दोन्ही प्रकारे कळवलंय.

कोरफडीबद्दलही तसंच. "रोज सकाळी गर खावा." पान कापलं की आधी बुडातून पिवळा कडू चीक येतो, हाच वाळवला की काळा बोळ होतो, तो जोरदार रेचक असतो. म्हणून खालचं, बाहेरच्या बाजूचं जाड पान धारदार सुरीने बुडापासून काढायचं, पंधरावीस मिनिटं भांड्यात उभं ठेवायचं, चीक निथळू द्यायचा, मग धुऊन साल काढायची. आम्ही खायला वापरत नाही, भाजलं चटका बसला तर आणि केसाला, बस. बाकी झाड आता छान आहे, पिल्लं इतकी झालीत की वाटायला माणसं शोधतेय.

गवती चहा, पैसे वसूल. संचातलं एकच झाड ज्याने पहिल्या महिन्यापासून रोज काही ना काही दिलं. बुडापासून चार बोटं ठेवून कापायचा, महिन्यात परत तेवढाच. पात्याची धार हाताला लागते म्हणून कात्रीनेच कापा. दुसऱ्या पावसाळ्यात ठोंब फोडून पाच केले, चार शेजारी गेले. पानओव्याची भजी झाली, सर्दीत वाफ घेतली, झाड छान, पण एक सांगते, मसाल्याच्या डब्यातला ओवा या झाडाला येत नाही, तो वेगळाच आहे, आमच्या शेजारच्या काकू वर्षभर बी यायची वाट बघत होत्या. पुदिना विकत घ्यायची गरज नव्हती, भाजीवाल्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून लावल्या की होतं काम.

तुळशीवर थोडं लिहायला पाहिजे. आलेली काळी होती, म्हणजे कृष्ण तुळस. दारातल्या वृंदावनातल्या तुळशीची पानं सासूबाई द्वादशीला आणि संध्याकाळनंतर तोडू देत नाहीत, आणि काढ्यासाठी रोज ओरबाडणं तर त्यांना अजिबातच चालत नाही, म्हणून औषधाची तुळस वेगळी ठेवलीय, हे फार सोयीचं पडलं. माळीकाकांनी सांगितल्याप्रमाणे मंजिरी दिसली की दोन पानांच्या जोडीसकट शेंडा खुडायचा, तिथून दोन फुटवे येतात. एकदा मंजिरी पिकू दिली की झाड खोडाला लाकूड धरतं, पानं बारीक होतात आणि वासही कमी होतो. दर दिवाळीला एक फांदी बियांसाठी सोडते, बाकी सगळ्या खुडते. वीस महिन्यांत झाड दमत आलंय, नवीन रोपं तयार आहेत.

वेखंड. हे चिखलात वाढणारं झाड, ओढ्याकाठचं, आणि नर्सरीने ते भोकं असलेल्या ग्रो बॅगेत कोकोपीट घालून दिलं होतं. एप्रिलमधे पात्या करपल्या. मग जुनी बालदी घेतली, भोक न पाडता, तळाला माती आणि वर दोन बोटं पाणी, त्यात गप्पी मासे सोडले डासांसाठी. आता बालदी भरलीय. पानं चुरगाळली तरी घमघमतं. गड्डे अजून काढलेले नाहीत, आणि काढले तरी बाळाच्या गुटीत घरच्याघरी उगाळून द्यायची माझी हिंमत नाही, वैद्य ताईंना दाखवून त्या म्हणतील तसं.

पारिजातक मुळात संचात नकोच. तो वृक्ष आहे, 18 इंचाच्या बॅगेत तो किती दिवस राहणार. सोसायटीच्या कंपाऊंडला लावला, या नवरात्रात पहिला सडा पडला, वॉचमन काका रोज सकाळी ओंजळभर आणून देतात. पण गॅलरीवाल्यांना हा विकणं बरोबर नाही.

आता हळद आणि शतावरी, ज्यांच्यासाठी एवढे महिने थांबले.

हळदीचं बेणं सेलम म्हणून आलं होतं, दीडेकशे ग्रॅम. जूनमधे लावलं, श्रावणात पानं हातभर झाली, नागपंचमीला सासूबाईंनी त्यात पातोळे केले, आणि पुण्यात घरच्या गॅलरीतल्या पानातले पातोळे खाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं तेवढ्यासाठी सुद्धा हा संच घेतला ते बरं केलं असं वाटलं मला. पानं जास्त तोडली तर गड्डे बारीक राहतात म्हणून प्रत्येक झाडाची दोनच घ्यायची. जानेवारीत पानं आपोआप पिवळी पडून वाळतात, तेव्हा पाणी बंद, पंधरा दिवसांनी बॅग सरळ चवाळ्यावर पालथी करायची. पहिल्या वर्षी 900 ग्रॅम ओली हळद निघाली. उकडायची, पाऊण तास तरी, काडी आरपार जाईपर्यंत, मग टेरेसवर बारापंधरा दिवस ऊन, मोडली की टक्कन आवाज यायला हवा. गोणपाटात घालून घासली की वरची साल निघते. पूड झाली जेमतेम दीडपावणेदोनशे ग्रॅम. एवढी मेहनत आणि एवढीशी पूड असं वाटू शकतं, पण रात्री दुधात अर्धा चमचा घातल्यावर जो रंग आणि वास येतो तो पाकिटातल्या हळदीला येत नाही. यंदा बॅगा चार केल्या, पावणेतीन किलो ओली निघाली. उकडणं वाळवणं याबद्दल पुस्तिकेत एक ओळ: "9 महिन्यांनी काढणी करावी." झालं. वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, तिचं बेणं यंदा कुठून मिळतं का बघतेय.

शतावरीचं पुस्तिकेत "6 महिन्यांत तयार" असं छापलंय आणि हे सरळ चूक आहे. सहा महिन्यांत मी बाजूची माती जरा उकरून बघितली तर पेन्सिलीहून बारीक मुळं, पाणचट. व्यवस्थित गर धरायला दीड वर्ष तरी लागतं, त्याहून जास्त ठेवली तर अजून चांगलं. आम्ही 19 महिन्यांनी, जानेवारीत बॅग फोडली. जाड हातमोजे घाला, वेलाचे काटे मागे वळलेले असतात, लागले की सुटत नाहीत. बुडाशी पांढऱ्या, बोटासारख्या, दोन्ही टोकं निमुळती असलेल्या मुळ्यांचा घड होता, मातीसकट उचलला तेव्हा मी आणि सासूबाई दोघी नुसत्या बघत राहिलो. धुऊन 420 ग्रॅम. लगेच सोलावी लागते, सुकली की साल निघत नाही. उभी चीर द्यायची, पातळ साल ओढायची, आणि आत मधोमध एक चिवट दोरा असतो तो ओढून काढायचा, संध्याकाळभर आम्ही दोघी हेच करत होतो. सावलीत वाळवून 65 ग्रॅम राहिली. पूड करून तुपावर जराशी परतून खडीसाखर वेलदोडा घालून कल्प केला, जाऊ डिसेंबरमधे बाळंत झाली, वैद्य ताईंना विचारून रोज सकाळी एक चमचा दुधातून तिला सुरू केलाय. ऑगस्टमधे जिला अडुळसा द्यायचा राहिला तिच्यासाठीच ही शतावरी कामी आली. घडातल्या सगळ्या मुळ्या काढायच्या नसतात, वरचा कोंबाचा भाग सातआठ मुळ्यांसकट परत लावायचा, तो लावलाय.

अजून दोन गोष्टी नर्सरीबद्दल. संचाबरोबर एक 200 मिलीची बाटली आली होती, "सेंद्रिय कीडनाशक", त्यावर आत काय आहे, किती प्रमाणात घालायचं, फवारल्यावर किती दिवस पानं खायची नाहीत, काहीही नाही. मी ती उघडलीच नाही. खायच्या झाडावर निनावी बाटली मारणं मला पटत नाही, तुम्हीही मारू नका. तुळशीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा कडुनिंबाचं तेल, लिटरला 5 मिली, थेंबभर लिक्विड सोप, संध्याकाळी फवारलं, आठवडाभर पानं तोडली नाहीत, तोडताना धुऊन घेतली. दुसरं, ग्रो बॅगा. टेरेसवरच्या बॅगा बरोबर वर्षाने उन्हाने फाटल्या, गॅलरीतल्या अजून आहेत. टेरेसवर मातीच्या कुंड्या किंवा जुने रंगाचे डबे बरे, डबे नीट घासून घ्या.

वाळवण्याबद्दल विचारतात म्हणून लिहिते. पानं सकाळी दव उडून गेल्यावर तोडायची, फुलं यायच्या आधी, पाऊस पडत असताना अजिबात नाही. उन्हात वाळवली की रंग जातो आणि वास पण जातो. आम्ही जुनं सुती धोतर पसरून पंख्याखाली एकेरी थर, चार ते सहा दिवस, चुरली की कुरकुर आवाज यायला हवा. पहिल्या पावसाळ्यात घाईने भरलेली तुळशीची बरणी बुरशी लागून फेकावी लागली, तेव्हापासून बरणीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहिते, वर्ष झालं की उरलेलं कंपोस्टमधे.

मागच्या नोव्हेंबरमधे आम्ही प्रत्यक्ष नर्सरीत जाऊन आलो, उरुळीच्या निसर्गोपचार आश्रमात (गांधीजींनी 1946 साली सुरू केलेला) सासूबाईंच्या बहिणीला भेटायला गेलो होतो तेव्हा वाट वाकडी करून. तिथे तेव्हा हीच रोपं सुटी 50 ते 80 रुपयांना होती. संचाचा हिशोब केला तर एका रोपाला जवळजवळ 217 रुपये पडतात, माती आणि बॅग धरूनही महागच, त्यात ती माती बदलावीच लागली. पण मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं करतात ती झाडं, वेगळे राखलेत, कलमं स्वतः करतात, रोगट रोप बाजूला काढलेलं डोळ्यांनी बघितलं. मालकांनी सांगितलं की नव्या पट्ट्यांवर शास्त्रीय नावं टाकतोय, काही रोपांवर दिसल्या सुद्धा, आणि पुस्तिका एका वैद्यांकडून तपासून परत छापणार आहेत. पुस्तिकेत अडुळशाची माहिती आहे तिथे गरोदर बायकांसाठीची सूचना ठळक टाका एवढं मी तिथे उभी राहून लिहून देऊन आले.

रोपांना 5 पैकी साडेचार, डिलिव्हरी आणि नंतरच्या फोनला 4, मातीला 2, पुस्तिकेला 1. जुनी पुस्तिका आली तर तिच्यातली मात्रा वापरू नका, वैद्यांना विचारा. पुण्यातले असाल तर संच न घेता स्वतः जा, अडुळसा, गवती चहा, तुळस, हळदीचं बेणं आणि शतावरी एवढं घ्या, गुळवेल घेताना खोडावरून हात फिरवून गाठी बघा आणि माळीकाकांना गाठून अर्धा तास मागा, ते आनंदाने देतात. लांबचे असाल आणि संचच मागवणार असाल तर पारिजातक आणि पुदिन्याच्या जागी दुसरं काही द्या असं आधीच सांगा, ते बदलून देतात. आणि मे मधे मागवू नका, मागच्या वर्षी आमच्या समोरच्या ताईंनी मागवला होता, उघड्या टेम्पोतून येताना चार रोपं भाजून गेली, बदलून मिळाली पण तीन आठवडे गेले. पहिला पाऊस होऊन जमीन जरा निवली की मग, जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर.